सत्तावीस फ्री थ्रो : ३१ मे २००२ च्या एका सामन्याचा अभ्यास

"रेफ्री काय, मोठ्या टीमचाच असतो." बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला चार माणसं उभी असली की त्यातला एक जण हे म्हणतोच. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत शिट्टी फुंकली आहे, त्यामुळे या वाक्याचा मला राग यायचा. मग एक सामना मी वही घेऊन, थांबवून थांबवून, तीन वेळा पाहिला. राग कमी झाला नाही, पण ते वाक्य सरळ खोडून टाकणंही जमेना. कारण त्यातला अर्धा भाग खरा निघाला, आणि तो अर्धा भाग लोक म्हणतात तो नव्हे.

सामना आहे अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, २००२ सालच्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमधला सहावा. (ही अंतिम फेरीच्या आधीची मालिका, सात सामन्यांची; चार जिंकेल तो पुढे.) लॉस एंजेलिस लेकर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. पंचगिरीची चर्चा निघाली की गेली वीसहून जास्त वर्षं जगभर याच सामन्याचं नाव निघतं.

मालिका कुठवर आली होती

लेकर्स लागोपाठ दोन वर्षांचे विजेते होते. शकील ओ'नील, म्हणजे शॅक, आणि कोबी ब्रायंट ही जोडी, प्रशिक्षक फिल जॅक्सन, शहर लॉस एंजेलिस. समोर किंग्ज : क्रिस वेबर, व्लादे दिवात्स, माइक बिबी, डग क्रिस्टी, प्रशिक्षक रिक अॅडलमन. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी असली तरी लॉस एंजेलिसच्या तुलनेत लहान गाव, आणि संघाच्या नावावर तोवर तिथे एकही विजेतेपद नव्हतं.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. त्या मोसमात जास्त सामने किंग्जनी जिंकले होते. ८२ पैकी ६१, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. लेकर्सचे ५८. म्हणजे तक्त्यावर 'टॉप टीम' कोण, तर किंग्ज. पंच अव्वल संघाला झुकतं माप देतात असं म्हणायचं, तर ते माप सॅक्रामेंटोच्या पदरात पडायला हवं होतं. हे मनात ठेवून पुढचं वाचावं.

पहिला सामना लेकर्सनी किंग्जच्या घरी जाऊन जिंकला. दुसरा आणि तिसरा किंग्जचा. चौथ्यात किंग्ज २४ गुणांनी पुढे होते आणि तरी ९९–१०० असे हरले. शेवटच्या क्षणी दिवात्सने चेंडू रिंगजवळून बाहेर ढकलला, तो नेमका तीन गुणांच्या रेषेवर उभ्या असलेल्या रॉबर्ट हॉरीच्या हातात गेला, आणि हॉरीने घड्याळ संपता संपता तो बास्केटमध्ये टाकला. हा फटका सगळ्यांना आठवतो. त्याच सामन्यातला दुसरा फटका कमी जणांना आठवतो. पहिला हाफ संपताना लेकर्सच्या समाकी वॉकरने अर्ध्या कोर्टावरून चेंडू फेकला आणि तो आत गेला. रिप्लेत स्पष्ट दिसत होतं की घड्याळ शून्यावर आलं तेव्हा चेंडू अजून त्याच्या हातातच होता. पण तेव्हा पंचांना रिप्ले बघायची मुभाच नव्हती. तीन गुण दिले गेले. सामना गेला एका गुणाने.

इथे पक्षपात शोधू नये. माणसाच्या डोळ्याला हात, चेंडू आणि लाल दिवा एकाच वेळी दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्याच मोसमापासून क्वार्टर संपतानाच्या फटक्यांसाठी रिप्ले आला.

पाचवा सामना किंग्जनी ९२–९१ असा घेतला, बिबीच्या शेवटच्या काही सेकंदांतल्या फटक्यावर. त्या सामन्यात शॅक सहा फाऊल होऊन बाहेर गेला होता. (आपल्याकडे पाच फाऊलला खेळाडू बाहेर जातो, एनबीएत सहाला.) बिबीच्या त्या फटक्याआधी चेंडू रेषेबाहेर गेला तो वेबरच्या हाताला लागून, तरीही किंग्जना दिला, अशी लेकर्सची तक्रार होती. म्हणजे सहाव्या सामन्याला उतरताना पंचांवर नाराज होते ते लेकर्स. आज ती नाराजी कुणाच्या लक्षातही नाही, कारण पुढे जे झालं त्याने ती पुसून टाकली.

चौथा क्वार्टर

३१ मे, स्टेपल्स सेंटर, लॉस एंजेलिस. किंग्ज ३–२ ने पुढे. जिंकले तर थेट अंतिम फेरी. पंच तिघे : डिक बावेटा, बॉब डिलेनी, टेड बर्नहार्ट.

सामन्यात लेकर्सना एकूण ४० फ्री थ्रो मिळाले, किंग्जना २५. (फ्री थ्रो म्हणजे फाऊलबद्दल समोरच्या संघाला ठरलेल्या रेषेवरून, कुणी न अडवता मारायला मिळणारा एका गुणाचा फटका.) हा आकडा सगळीकडे सापडतो, पण तो नीट फोडून पाहायला हवा. चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७, किंग्जना ९. उरलेल्या तीन क्वार्टरची वजाबाकी केली की लेकर्सचे १३ आणि किंग्जचे १६ उरतात. म्हणजे छत्तीस मिनिटं किंग्ज रेषेवर जास्त वेळा जात होते. मग बारा मिनिटांत चित्र उलटंपालटं झालं. आधीच्या पाच सामन्यांत लेकर्सना पूर्ण सामन्यात सरासरी २२ फ्री थ्रो मिळत होते, इथे एका क्वार्टरमध्ये २७. लेकर्सच्या शेवटच्या १८ गुणांपैकी १६ गुण रेषेवरून आले.

दिवात्स सहा फाऊल होऊन बाहेर. त्याचा बदली स्कॉट पोलार्ड, तोही बाहेर. शॅकला रोखू शकतील अशी उंच माणसं किंग्जकडे ही दोनच. पोलार्डचा सहावा फाऊल मी किमान दहा वेळा मागेपुढे करून पाहिला. शॅक वळतो, पोलार्डचे हात वर आहेत आणि दोघांच्या मध्ये हवा आहे. शिट्टी वाजते. दुसऱ्या एका खेपेला कोबी रिंगकडे झेपावतो, वेबर वरून चेंडू स्वच्छ अडवतो, आणि फाऊल लागतो तो क्रिस्टीवर, ओझरत्या स्पर्शासाठी.

आणि मग ती कोपर. साधारण बारा सेकंद उरलेली. लेकर्स १०३, किंग्ज १०२. चेंडू बाजूच्या रेषेवरून लेकर्सना आत टाकायचा आहे. बिबी कोबीला चिकटून उभा आहे. कोबीला सुटायचं आहे. तो हात वर घेतो, वळतो आणि त्याची कोपर बिबीच्या नाकावर बसते. बिबी खाली पडतो. शिट्टी नाही. कोबीला चेंडू मिळतो, पुढचा फाऊल लागतो तो किंग्जवर, आणि कोबी फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन उभा राहतो. बिबीच्या नाकातून रक्त येत होतं. तिथे कोबीवर आक्रमक फाऊल (म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाचा फाऊल) दिला असता तर चेंडू किंग्जचा झाला असता, एका गुणाने मागे, हातात बारा सेकंद. हा निर्णय न देणं हाही एक निर्णयच होता, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सर्वात महागडा.

लेकर्स जिंकले, १०६–१०२. शॅक ४१ गुण, कोबी ३१. दोन दिवसांनी सॅक्रामेंटोत सातवा सामना जादा वेळेत गेला आणि तोही लेकर्सनी ११२–१०६ असा घेतला. अंतिम फेरीत त्यांनी न्यू जर्सी नेट्सना ४–० ने धुतलं. तिसरं सलग विजेतेपद.

ग्राहकहक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर, जे दोनच वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते, त्यांनी एनबीएचे कमिशनर डेव्हिड स्टर्न यांना पत्र लिहून या सामन्याच्या पंचगिरीची चौकशी मागितली. बास्केटबॉलच्या एका सामन्यासाठी असं पत्र जातं, यावरून लोकांचा विश्वास किती हलला होता ते कळतं.

आकडा काय सांगतो, काय नाही

२७ विरुद्ध ९ हा आकडा ऐकला की खटला संपला असंच कुणालाही वाटतं. संपत नाही. ज्याने शिट्टी फुंकली आहे त्याला माहीत असतं की फ्री थ्रोची संख्या आणि चुकीचे निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून प्रत्येक साध्या फाऊलला दोन फ्री थ्रो मिळतात. पहिले चार फाऊल भराभर झाले की उरलेला सगळा क्वार्टर समोरचा संघ रेषेवरच घालवतो. त्यात शेवटच्या मिनिटाला मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाऊल करतो. तेही याच बेरजेत येतात.

शिवाय दोन्ही संघांचा खेळ वेगळा. किंग्ज पास फिरवत, मोकळा माणूस शोधत, लांबून फटके मारणारा संघ. लेकर्सचा चेंडू फिरून फिरून शॅककडे. सात फूट एक इंच उंचीचा आणि दीडशे किलोच्या घरातला तो माणूस. त्याला रिंगखाली चेंडू मिळाला की बचाव करणाऱ्याची छाती त्याच्या पाठीला टेकलेलीच असते, हात त्याच्या कमरेवर असतो आणि त्याचा खांदा बचाव करणाऱ्याच्या छातीत घुसलेला असतो. अशा प्रत्येक चढाईत पंच तीन निर्णयांपैकी कुठलाही देऊ शकतो : बचाव करणाऱ्याचा फाऊल, शॅकचा फाऊल, किंवा खेळ चालू. तिन्हींना नियमाचा आधार सापडतो. शॅकच्या काळात बचाव करणारेही ओरडत आणि शॅकही ओरडत असे, आणि दोघांचंही बरोबर असे.

त्यामुळे बेरीज पुरावा होत नाही. एकेक शिट्टी पाहावी लागते. मी पाहिली. लेकर्सच्या बाजूने गेलेल्या शिट्ट्यांपैकी बऱ्याच मीही वाजवल्या असत्या. काही कुठल्याही डोळस पंचाने वाजवायला नको होत्या. आणि या दुसऱ्या प्रकारच्या शिट्ट्या जवळजवळ सगळ्या एकाच बाजूला पडल्या. मला जी टोचते ती हीच गोष्ट, २७ नव्हे.

किंग्जच्या चाहत्यांना न आवडणारी एक गोष्टही लिहायलाच हवी. सातवा सामना त्यांच्या घरी होता, प्रेक्षक त्यांचे होते. तिथे किंग्जनी ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले. तीन गुणांच्या २० फटक्यांपैकी दोन आत गेले. पेजा स्टोयाकोविच नुकताच घोट्याच्या दुखापतीतून परतला होता, त्याचा शेवटच्या क्षणांतला मोकळा फटका रिंगलाही लागला नाही. त्या चुका कुठल्याही पंचाच्या नव्हत्या. सहाव्या सामन्याने किंग्जचं विजेतेपद हिरावलं असं म्हणण्यापेक्षा त्यांच्या हक्काची एक संधी हिरावली, एवढंच मी म्हणेन. दुसरी संधी त्यांनी स्वतः घालवली.

हात आधी उठतो

इथे थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

डिसेंबरातला आंतरशालेय अंतिम सामना, सिमेंटचं कोर्ट, चार वाजताचं ऊन. एका संघात सात नंबरचा मुलगा होता. त्याचा फोटो त्या आठवड्यात पेपरात आला होता, राज्याच्या संघात त्याची निवड होणार असं सगळे बोलत होते. दीड मिनिट उरलेलं. तो डावीकडून ड्राइव्ह करत आला. समोर एक किरकोळ अंगाचा मुलगा दोन्ही पाय रोवून उभा. सात नंबरचा खांदा त्याच्या छातीवर आदळला आणि तो मागे पडला. मी शिट्टी वाजवली आणि माझे दोन्ही हात कमरेवर गेले. ब्लॉकिंग. फाऊल उभ्या असलेल्या मुलावर.

हात कमरेवर टेकले त्याच क्षणी मला कळलं की मूठ तळव्यावर मारायला हवी होती. चार्जिंग, म्हणजे धडकणाऱ्याचा फाऊल. मुलगा जमिनीवरून उठत म्हणाला, "सर, मी हललोच नाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मी निर्णय बदलला नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

मला कुणी पैसे दिले नव्हते. सात नंबर माझ्या ओळखीचा नव्हता, त्याची शाळाही नव्हे. पण गेले दोन दिवस मी त्याला असेच बास्केट करताना पाहिलं होतं. तो ड्राइव्ह करतो तेव्हा समोरचा चुकतो, हे चित्र माझ्या डोक्यात आधीच तयार होतं. डोळ्याने नीट पाहण्याआधी हाताने ते चित्र पुरं केलं.

एनबीएतला पंच माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगला असतो. पण त्यालाही ठरवायला अर्धा सेकंद मिळतो, आणि त्याने शॅकला आणि कोबीला दोन दिवस नव्हे, सहा-सात वर्षं पाहिलेलं असतं.

कट होता का?

या सामन्याला दुसरं आयुष्य मिळालं ते सहा वर्षांनी, टिम डॉनगी या पंचामुळे. डॉनगी स्वतः पंचगिरी करत असलेल्या सामन्यांवर सट्टा लावायचा आणि सट्टेबाजांना आतली माहिती पुरवायचा. २००७ मध्ये एफबीआयचा तपास बाहेर आला, त्याने नोकरी सोडली, ऑगस्टमध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, आणि जुलै २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. खेळाच्या इतिहासातलं हे खरं काळं पान. इथे पुरावा होता, कबुली होती, तुरुंग होता.

शिक्षा सुनावली जाण्याच्या आधी, जून २००८ मध्ये, त्याच्या वकिलाने न्यायालयाला एक पत्र दिलं. त्यात आरोप होता की २००२ च्या प्लेऑफमधल्या, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतल्या, एका सहाव्या सामन्यात दोन पंच लीगच्या सोयीने वागले, कारण मालिका सातव्या सामन्यापर्यंत लांबणं लीगच्या फायद्याचं होतं. संघांची नावं नव्हती, पण त्या वर्षी सात सामन्यांपर्यंत गेलेली मालिका एकच होती. स्टर्न यांनी आरोप साफ नाकारला. एनबीएने पंचगिरीची चौकशी २००७ मध्येच माजी सरकारी वकील लॉरेन्स पेडोविट्झ यांच्याकडे सोपवली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांचा अहवाल आला : डॉनगीशिवाय दुसऱ्या कुठल्या पंचाने सामना फिरवल्याचा पुरावा मिळाला नाही.

या अहवालावर किती विसंबायचं? चौकशी लीगनेच नेमली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे? शिक्षा कमी करून घ्यायला निघालेल्या माणसाचा आरोप, आणि तोही ज्या सामन्यात तो स्वतः पंच नव्हता त्याबद्दल. डॉनगीचा शब्द आणि पोलार्डचा तो सहावा फाऊल, या दोन गोष्टी जोडून लोक कट सिद्ध झाला म्हणतात. मी म्हणत नाही. तिघांपैकी बॉब डिलेनी हे न्यू जर्सीचे माजी पोलीस, वेशांतर करून माफियाच्या टोळीत राहून आलेले. बावेटा यांनी २०१४ मध्ये निवृत्त होईपर्यंत नियमित मोसमातले २,६३५ सामने सांभाळले, नेमलेला एकही सामना न चुकवता, आणि पुढच्या वर्षी त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एवढ्यावरून कुणी निर्दोष ठरत नाही, हे मला कळतं. पण चोर म्हणायला डोळ्यांना खुपणारे निर्णय पुरे नाहीत, त्याहून भक्कम काहीतरी लागतं.

बावेटा यांचं नाव अजून एका सामन्याला चिकटलेलं आहे, म्हणून सांगतो. १४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी, मायकेल जॉर्डनचा शिकागो बुल्ससाठीचा शेवटचा फटका. त्या सामन्यात युटा जॅझच्या हॉवर्ड आयझलीचा तीन गुणांचा फटका उशिरा सुटला म्हणून रद्द केला गेला, प्रत्यक्षात तो वेळेत होता. शिकागोच्या रॉन हार्परचा फटका खरोखर उशिरा सुटला होता, तो मात्र धरला गेला. बुल्स ८७–८६ ने जिंकले. शेवटच्या फटक्याआधी जॉर्डनचा हात ब्रायन रसेलच्या कमरेवर होता, तो ढकलण्यासाठी होता की नुसता टेकला होता, यावर आजही वाद चालतो. पण हे सगळं घडलं ते युटाच्या घरी, युटाच्या प्रेक्षकांसमोर. 'घरच्या संघाचा पंच' हे सूत्र तिथे उलटं पडलं. नाव मोठं असलेल्या संघाकडे पारडं झुकलं ते तिथेही.

संशोधकांनी काय शोधलं

एका सामन्यावरून कल ठरत नाही. त्यासाठी हजारो सामने लागतात, आणि पंचाची चूक ओळखायची युक्ती लागते. जोसेफ प्राइस, मार्क रेमर आणि डॅनियल स्टोन या अर्थतज्ज्ञांनी ती शोधली. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. चेंडू गमावण्याचे प्रकार त्यांनी दोन गटांत वाटले. काही प्रकारांत पंचाच्या मताला भरपूर वाव असतो, जसं ट्रॅव्हल (चेंडूला टप्पा न देता जास्त पावलं टाकणं) किंवा आक्रमक फाऊल. काहींत जवळजवळ नसतो, जसं चुकीचा पास प्रेक्षकांत जाणं. एखादा संघ खरोखरच वाईट खेळत असेल तर दोन्ही प्रकार वाढायला हवेत. फक्त पंचाच्या मतावर अवलंबून असलेलेच वाढत असतील, तर कारण खेळाडूत नसून शिट्टीत आहे.

त्यांना कल सापडला, तीन दिशांनी. घरच्या संघाकडे. सामन्यात मागे पडलेल्या संघाकडे. आणि प्लेऑफच्या मालिकेत मागे पडलेल्या संघाकडे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून पुन्हा स्टेपल्स सेंटरकडे आलो. ३१ मे रोजी लेकर्स घरी खेळत होते. मालिकेत ते २–३ ने मागे होते. तीनपैकी दोन दिशा त्यांच्याकडेच बोट दाखवत होत्या. त्यात पाचव्या सामन्यानंतरची त्यांची नाराजी आणि शॅक-कोबी ही नावं. एवढे वारे एका बाजूने वाहत असताना शिट्टी सरळ राहायला फार मोठी ताकद लागते. त्या रात्री ती राहिली नाही. या कलाला पैसा, निरोप, बंद दाराआडची बैठक असलं काही लागतच नाही. मालिका लांबली की लीगच्या तिजोरीत भर पडते हे खरं आहे, आणि म्हणूनच या कलाकडे लीगने डोळेझाक करू नये. पण पंचाच्या मनात तिजोरी असावीच लागते असं नाही. समोरचे हजारो प्रेक्षक पुरतात.

तारांकित खेळाडूंबद्दल संशोधन इतकं एकमुखी नाही. एक अडचण उघड आहे : जो रिंगकडे जास्त वेळा घुसतो त्याला फाऊल जास्त मिळणारच, आणि जास्त घुसणारा खेळाडूच बहुधा स्टार असतो. मेहनतीचं फळ कुठे संपलं आणि नावाचं वजन कुठे सुरू झालं ते वेगळं करणं अवघड आहे. मोठ्या नावाला मोठ्या क्षणी शिट्टी मिळत नाही, असंही घडतं. २८ जानेवारी २०२३, बॉस्टन. बरोबरी, शेवटचा फटका, लेकर्सचा लेब्रॉन जेम्स रिंगपाशी, आणि बॉस्टनच्या जेसन टेटमचा हात त्याच्या हातावर बसतो. शिट्टी नाही. लेब्रॉन गुडघ्यावर बसून जमिनीला डोकं टेकतो. त्याचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्ली तर एका छायाचित्रकाराचा कॅमेरा घेऊन पंचाला फोटो दाखवायला गेला, आणि त्यालाच टेक्निकल फाऊल, म्हणजे गैरवर्तनाचा फाऊल, मिळाला. लेकर्स जादा वेळेत १२५–१२१ हरले. सामन्यानंतर पंचांच्या प्रमुखाने चूक मान्य केली. तिथे घरचा संघ बॉस्टन सेल्टिक्स होता.

आणखी एक अभ्यास विसरता येत नाही. प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी दाखवलं होतं की पंचांच्या वर्णाचा आणि खेळाडूंच्या वर्णाचा फाऊलच्या संख्येवर थोडा, पण मोजता येण्याजोगा परिणाम होतो. २००७ मध्ये ही बातमी वृत्तपत्रांत गाजली, एनबीएने जोरात विरोध केला. नंतरच्या वर्षांची आकडेवारी तपासली तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला होता. पंच तेच, नियम तेच. आपल्या हाताकडे कुणीतरी बघतंय हे कळल्यावर हात बदलला. पंच म्हणून वाचलेल्या सगळ्या लिखाणात मला धीर देणारी गोष्ट हीच.

आज तो सामना झाला असता तर

मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये किंग्ज विकत घेतले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत एका गुणाने गेला, १३१–१३२, किंग्जच्या विरोधात. त्या वेळी डोममध्ये शाळेतली हजारो मुलं होती. २००२ च्या त्या रात्री त्यातली बहुतेक जन्मलीही नव्हती.

या मधल्या काळात बरंच बदललं. २०१४ पासून न्यू जर्सीतल्या सिकॉकस इथे एक रिप्ले केंद्र आहे, तिथे देशभरातल्या सामन्यांचे कॅमेरे एकत्र येतात. मार्च २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या पंचांच्या प्रत्येक निर्णयाचा अहवाल एनबीए जाहीर करते, वाजलेल्या शिट्ट्यांचा आणि वाजायला हव्या होत्या पण वाजल्या नाहीत अशांचाही. पंचांच्या संघटनेला हा अहवाल आवडत नाही, आणि त्यांचं दुखणं मला समजतं. सामना संपल्यावर चूक छापून कुणाचाच गुण परत येत नाही, पंच मात्र उघडा पडतो. तरीही मी या अहवालाच्या बाजूने आहे. २०१९–२० पासून प्रशिक्षकांना एखाद्या निर्णयाला आव्हानही देता येतं.

हे सगळं घेऊन मी पुन्हा त्या चौथ्या क्वार्टरकडे गेलो आणि वहीत दोन रकाने पाडले. बिबीच्या नाकावरची कोपर बारा सेकंद उरले असताना बसली. आजच्या अहवालात ती दुसऱ्याच दिवशी आली असती, 'शिट्टी वाजायला हवी होती' या सदरात. पण सामना चालू असताना अॅडलमन तिला आव्हान देऊ शकले नसते, कारण न वाजलेल्या शिट्टीला आव्हान देता येत नाही. पोलार्डच्या सहाव्या फाऊलचं नेमकं उलट. अॅडलमननी हात वर केला असता, पंच टेबलापाशी पडद्यावर वाकले असते, दोघांच्या मधली हवा त्यांना दिसली असती, आणि पोलार्ड शॅकच्या पाठीशी परत उभा राहिला असता. मात्र अहवालात त्या फाऊलची ओळही आली नसती. तो शेवटच्या दोन मिनिटांच्या आधीचा होता.

सत्तावीसपैकी किती फ्री थ्रो अशा, दोन मिनिटांच्या आधीच्या शिट्ट्यांतून आले, ते आता मी मोजतो आहे.